घर कारखान्यावर गेलं, आपण बोर्डिंगात राहिलो

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी जे चार-पाचशे 'म्हणजे' वापरतो ते काढलेत, बाकी बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलंय. एसटीत रेंज नसेल तर वाचा, घरी गेल्यावर ऐका.)

आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे. हॉस्टेलच्या आठवणी. कॉलेजचं हॉस्टेल नाही हं, शाळेचं. पाचवी-सहावीत पत्र्याची पेटी घेऊन गेलो आणि दहावी-बारावीला बाहेर पडलो, ते हॉस्टेल.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, बीटेक केलंय, हे जुन्या श्रोत्यांना माहिती आहे. पण त्याआधी पाचवी ते दहावी मी बीड जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत होतो. शाळेचं नाव घेणार नाही. नाव घेतलं की सगळी चर्चा त्या एका शाळेवर जाते आणि मुद्दा बाजूला राहतो.

मुद्दा काय? आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तुमचाही असेल. त्यात दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी जुना फोटो टाकतो आणि मग रात्री बारापर्यंत आठवणी चालतात. सगळे हसतात. पण बारकाईने वाचलं तर त्या हसण्यातल्या निम्म्या गोष्टी मुळात हसण्यासारख्या नाहीत. भूक, थंडी, छडी, घरची आठवण. मग आपण हसतो का? आणि आपल्याला जे आठवतं, ते खरंच तसं होतं का? आज हेच समजून घेऊ. पण त्याआधी बीडमध्ये 'बोर्डिंग' या शब्दाचा अर्थ काय, तिथून सुरुवात करावी लागेल.

बोर्डिंग म्हणजे पाचगणी नव्हे

सिनेमात बोर्डिंग स्कूल म्हणजे डोंगर, धुकं, टाय, घोडेस्वारी. महाराष्ट्रात तसलं चित्र बघायचं तर पाचगणीला जायचं. आईबापाकडे पैसा आहे म्हणून पोरगं तिथे जातं.

आमच्याकडे 'पोरगं बोर्डिंगात ठेवलंय' या वाक्याचा अर्थ बरोब्बर उलटा. घरी खायची, शिकायची सोय नाही म्हणून बोर्डिंगात ठेवलंय. आणि हा अर्थ आजचा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर आधी राहायला जागा पाहिजे, हा साधा हिशोब. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. सव्वाशे वर्षांपूर्वी बोर्डिंग हा गरिबाच्या पोराला शाळेपर्यंत नेणारा रस्ता होता.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. आपल्याकडे शाळाच मोजक्या. १९२१ मध्ये हिप्परग्याला, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ १९२९ मध्ये तिथे आले, आणि १९३५ मध्ये आपल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात. अंबाजोगाईला त्या काळी मोमिनाबाद म्हणायचे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते अशा शाळांतून घडले. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. पुढे शाळा वाढल्या. पण बीडच्या पोरांपुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. शाळा गावात आली, पण वर्षातले सहा महिने घरच गावात नसायचं.

दोन कॅलेंडरची टक्कर

बाहेरच्या जिल्ह्यातल्या श्रोत्यांसाठी जरा सविस्तर सांगतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात पाऊस कमी, जमीन हलकी. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, गेवराई, परळी, नाव घ्याल त्या तालुक्यातून माणसं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादम टोळी बांधतो. उचल आधीच दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. हे बोलण्यातले शब्द नाहीत, हिशोबातले आहेत. माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात.

मग ट्रक किंवा ट्रॅक्टर भरतो. भांडी, गोधड्या, ज्वारीचं पीठ, शेळी, कोंबड्या, लेकरं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, नगर, नाहीतर थेट कर्नाटक. फडाजवळ कोपी टाकायची. पहाटे तोडायला लागायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. हंगाम संपायला मार्च-एप्रिल उजाडतो.

आता शाळेचं कॅलेंडर बघा. शाळा जूनमध्ये उघडते. दिवाळीच्या आधी पहिलं सत्र संपतं. दिवाळीनंतर दुसरं सत्र, ते एप्रिलपर्यंत. म्हणजे ऊसतोडीचा हंगाम आणि शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ एकावर एक बसतात. आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर दोन जॉब एकाच वेळेला शेड्युल झालेत आणि दोन्हीला तेच लेकरू पाहिजे. मायबापांसोबत गेलं तर दुसरं सत्र गेलं. थोरली बहीण असेल तर तिचं आधी जातं, कारण कोपीवर धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. असं दोन वर्षं झालं की शाळा सुटते. बारा-तेरा वर्षांचा पोरगा मग मोळी उचलायला लागतो, आणि काही वर्षांत त्याचा स्वतःचा अर्धा कोयता होतो.

म्हणून आमच्या वर्गातल्या बहुतेकांना 'घर सोडून हॉस्टेलला गेलो' असं म्हणताच येत नाही. घर सोडायला घर जागेवर लागतं. आमचं घर दरवर्षी ट्रकमध्ये बसून निघून जायचं, आणि आम्ही राहायचो. ही गोष्ट डोक्यात ठेवा. आपल्या सगळ्या आठवणी याच्याभोवती फिरतात.

एका जिल्ह्यातली चार हॉस्टेलं

'बीडचं हॉस्टेल' म्हटलं की चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. चौघांच्याही आठवणी वेगळ्या येतात.

पहिलं, नवोदय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेली योजना. देशातल्या पहिल्या दोन नवोदय शाळांपैकी एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला सुरू झाली. बीड जिल्ह्याचं नवोदय गेवराई तालुक्यात गढीला आहे. पाचवीत असताना परीक्षा द्यायची: दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला, किमान एक तृतीयांश मुलींना. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही हाऊसची नावं देशभर तीच. त्यामुळे गढीचा माणूस आणि बिहारचा माणूस बंगळुरूच्या ऑफिसात भेटले की पहिला प्रश्न 'हाऊस कोणतं?' शिवाय नववीतली काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात जातात. त्याला तिथे 'मायग्रेशन' म्हणतात. गंमत बघा, तोच शब्द. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मायग्रेशन, आणि पोरगं हिंदी पट्ट्यात शिकायला गेलं तरी मायग्रेशन. एकाने शाळा सुटते, दुसऱ्याने जग कळतं.

दुसरं, आश्रमशाळा. विमुक्त जाती, भटक्या जमातींच्या मुलांसाठी संस्था चालवतात, सरकार अनुदान देतं. तांड्यावरची, वस्त्यांवरची कितीतरी मुलं इथूनच शिकली. इथल्या आठवणींत गृहपाल असतो, स्वयंपाकी असतो, कामाठी असतो. नवोदयवाला 'मेस' म्हणतो, आश्रमशाळेवाला 'जेवणाची घंटा' म्हणतो.

तिसरं, हंगामी वसतिगृह. हे फक्त ऊसतोडीच्या महिन्यांपुरतं. मुलं आपल्याच गावात राहतात, आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहाकडून. आधी कारखान्यांवर साखरशाळा चालायच्या, म्हणजे लेकरू जिथे जाईल तिथे शाळा न्यायची. नंतर भर आला लेकरालाच गावात थांबवण्यावर. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे.

चौथं, माणसांनी स्वतःहून उभं केलेलं. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी सुरू केलेलं 'शांतिवन' याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण. ऊसतोड कामगारांची, आधार नसलेली मुलं तिथे राहून शिकतात.

यात २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची भर घातली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी १० जिल्ह्यांतल्या ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकाची क्षमता १००, अशी ती आखणी. म्हणजे आपण ज्याला 'आठवणी' म्हणतोय, ते कुणासाठी तरी या वर्षीचं रोजचं आयुष्य आहे. यावर शेवटी येतो.

ग्रुपवर काय काय येतं

या भागासाठी मी आमच्या ग्रुपवर विचारलं होतं की प्रत्येकाने एकच आठवण सांगा. अर्थात कुणी एकावर थांबलं नाही.

सगळ्यात जास्त आलं जेवण. एकाने लिहिलं, 'आपल्या ताटाच्या तळाला फूल कोरलेलं होतं आणि वरण वाढल्यावरही त्याच्या पाकळ्या मोजता यायच्या.' यावर चाळीस हसण्याचे इमोजी. मग शनिवारच्या खिचडीचं करपलेलं खरवड कुणाला मिळायचं यावरून झालेलं भांडण. शेंगदाण्याची चटणी पेटीत कुलूप लावून ठेवणारा आणि रात्री अंधारात एकटाच खाणारा पोरगा. आता तो केज तालुक्यात शिक्षक आहे, आणि ग्रुपवर सगळ्यात जास्त शिव्या अजूनही त्यालाच बसतात.

मग पाणी. २०१२-१३ चा दुष्काळ आमच्या बॅचने दहावीत बघितला. टँकर यायचा. अंघोळीला एक बादली, तीही दोघांत. आधी एकाने डोकं भिजवायचं, साबण लावून थांबायचं, मग दुसऱ्याने. पेपरला अभ्यास कमी झाला असेल, पण पाण्याचं नियोजन आम्हाला आजही कुणी शिकवू नये.

मग फोन. हे जरा थांबून सांगतो. रविवारी गृहपालांच्या मोबाईलवरून घरी बोलायला मिळायचं. पण घर कुठे? मायबापांकडे फोन असायचाच असं नाही, असला तर चार्जिंग नसायचं, कारण कोपीत लाईट कुठली! म्हणून मुकादमाचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला असायचा. मिस्ड कॉल द्यायचा. मुकादम फडात असला तर तासाभराने उलटा फोन. तोपर्यंत रांगेतला आपला नंबर गेलेला. माझी आई फोनवर तीनच प्रश्न विचारायची. जेवलास का, पांघरूण पुरतं का, अभ्यास चाललाय का. मी म्हणायचो, 'व्हय माय.' आणि मग विचारायचो, 'आता कुठल्या कारखान्यावर हायेत?' आपल्या आईचा पत्ता आपण आईलाच विचारायचा, हे तेव्हा विचित्र वाटायचं नाही. सगळेच विचारायचे.

आणि मग मार. अंगठे धरून उभं राहणं, कोंबडा, ओल्या छडीचे वळ. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे. आमची शाळा त्या कायद्याच्या आधीही चालू होती आणि नंतरही. कायदा आला तेव्हा छडीला कुणी सांगितलं नसावं, असं ग्रुपवर एकाने लिहिलं. पुन्हा चाळीस इमोजी.

तेवढ्यात एक मैत्रीण, आता संभाजीनगरला नर्स आहे, तिने लिहिलं, 'तुम्ही हसताय, पण मला त्या थंडीत दोन महिने खोकला होता आणि कुणाला सांगावं हे कळत नव्हतं. मी अकरा वर्षांची होते.' ग्रुप पाच मिनिटं शांत. मग कुणीतरी पुन्हा वरणावर विनोद केला.

हा पूर्ण भाग मी त्या पाच मिनिटांवरून केलाय, असं समजा.

डोकं आठवणी कशा साठवतं

आपल्याला वाटतं आठवण म्हणजे फोनमधला फोटो. उघडला की जसाच्या तसा. तसं नसतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या पुस्तकात दाखवलं की लोकांना अनोळखी गोष्ट वाचायला देऊन काही काळाने पुन्हा पुन्हा सांगायला लावली, तर ती दर वेळी बदलते. न पटणारे तपशील गळतात, जे राहतं ते आपल्या ओळखीच्या साच्यात बसतं. दर वेळी आठवण नव्याने रचली जाते. वरणाची गोष्ट शंभर वेळा विनोद म्हणून सांगितली की भुकेचा भाग झिजतो आणि विनोद उरतो.

दुसरी गोष्ट. चाळिशीच्या पुढच्या माणसांना आयुष्यातलं काहीही आठवायला सांगितलं तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. कारण बऱ्याच गोष्टी त्या वयात पहिल्यांदा घडतात. शाळेचं हॉस्टेल नेमकं याच वयाच्या तोंडावर येतं. म्हणून तुमचे काका साठीतही बोर्डिंगच्या गोष्टी सांगतात, आणि गेल्या वर्षी ऑफिसात काय झालं ते त्यांना आठवत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हालब्वाक्स यांनी १९२५ मध्ये मांडलं की माणूस एकटा आठवत नाही, गटाच्या आधाराने आठवतो. कुटुंब, गाव, वर्ग यांची एक चौकट असते, आणि जे चौकटीत बसतं ते टिकतं. आमच्या ग्रुपची चौकट आहे 'आम्ही लई मजा केली आणि शिकून पुढे गेलो.' यात वरण बसतं, बादली बसते, छडीसुद्धा विनोद होऊन बसते. खोकला बसत नाही. म्हणून पाच मिनिटं शांतता.

आणि 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द? १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या एका स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी तो बनवला, ग्रीक भाषेतले 'घरी परतणं' आणि 'वेदना' असे दोन शब्द जोडून. परमुलखात राहणाऱ्या माणसांना घराच्या ओढीने जो त्रास व्हायचा, त्या आजाराचं ते नाव. आपल्यासाठी त्यात एक गाठ आहे. आपली ओढ घराची नाही, हॉस्टेलची आहे. कारण त्या सहा महिन्यांत एका जागी थांबलेलं घर तेवढं एकच होतं. तिथे आपली पेटी होती, आपला नंबर होता, हजेरीत आपलं नाव होतं. वरण पातळ होतं, पण रोज होतं. ही ओढ खरी आहे, खोटी अजिबात नाही. फक्त तिच्यामुळे बाकीचं झाकलं जातं.

एकच शाळा, दोन शाळा

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. इंग्लंडमध्ये ईस्टबोर्नला सेंट सिप्रियन्स नावाची निवासी शाळा होती. तिथे पहिल्या महायुद्धाच्या काळात दोन मित्र शिकले, जॉर्ज ऑर्वेल आणि सिरिल कॉनली. दोघंही पुढे लेखक झाले. कॉनलीने १९३८ च्या पुस्तकात शाळेचं नाव बदलून तिच्याबद्दल लिहिलं, टीका केली पण त्यात मायाही होती. ऑर्वेलने त्याच शाळेवर इतका कडवट लेख लिहिला की मानहानीच्या भीतीने तो हयातीत छापलाच नाही. १९५० मध्ये तो गेला, लेख आला १९५२ मध्ये. आणि मग तिथल्या इतर माजी विद्यार्थ्यांत 'असं काही नव्हतंच' म्हणून वाद.

दोघांपैकी खोटं कोण? मला वाटतं प्रश्नच चुकीचा आहे. ऑर्वेल कमी फीमध्ये घेतलेला, स्कॉलरशिप मिळवून देईल या अपेक्षेने ठेवलेला मुलगा होता, आणि त्याला त्याची आठवण करून दिली जायची असं त्याने लिहिलंय. एकाच छताखाली राहूनही प्रत्येकाची शाळा वेगळी असते. ज्याचे आईबाप दर महिन्याला भेटायला यायचे त्याची वेगळी, ज्याचे मार्चनंतरच दिसायचे त्याची वेगळी. मुलाची वेगळी, मुलीची वेगळी. ग्रुपवर कुणी 'मला तिथे त्रास झाला' म्हटलं की 'अरे पण आपण किती मजा केली' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात.

ग्रुपमध्ये कोण नाही?

आता माझ्या कामातलं एक उदाहरण. आम्ही सर्व्हरचे लॉग बघतो. कुणी आलं, काय मागितलं, किती वेळ लागला, सगळं नोंदलेलं असतं. पण ज्याचं नेटवर्क वाटेतच तुटलं आणि जो सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही, त्याची नोंद तिथे नसते. फक्त लॉग बघून 'सगळ्यांचं छान चाललंय' म्हटलं तर तो माणूस नवीन आहे असं समजायचं.

व्हॉट्सॲप ग्रुप हा तसाच लॉग आहे. आम्ही पाचवीत ५२ जण होतो. ग्रुपवर ३१ आहेत. मी हा आकडा काढायला बसलो तेव्हा उरलेल्या २१ पैकी नऊ जणांची नावं कुणालाच नीट आठवेनात. एक जण आठवीच्या दिवाळीनंतर परत आलाच नाही, वडील आजारी पडले म्हणून तो आईबरोबर तोडीला गेला. दोघी मुलींची लग्नं दहावीच्या आधी झाली.

यात आश्चर्य वाटायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या महिलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न १८ च्या आत झालं होतं. राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. यामागचं कारणही पुन्हा त्या ट्रकशी जोडलेलं आहे. मायबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती. आणि लग्न झालं की नवरा-बायको मिळून पूर्ण कोयता होतो, उचल पूर्ण मिळते. हॉस्टेलच्या मुलींच्या बाजूला एक खाट जास्त असणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, म्हणून आमच्या आठवणींना गोड चव आली. त्या २१ जणांनी हीच शाळा आठवली तर काय सांगतील, मला खरंच ऐकायचंय.

मग गेट-टुगेदरला करायचं काय?

आठवणी काढू नका, असं मी म्हणत नाहीये. भरपूर काढा. वरणावर हसा, चटणीवाल्याला शिव्या द्या. फक्त पुढच्या वेळी भेटाल तेव्हा तीन प्रश्न टेबलावर ठेवा.

पहिला, कोण नाही आणि का नाही? जुन्या हजेरीच्या क्रमाने नावं म्हणून बघा, हजेरी आपल्याला अजून पाठ असते. जिथे अडखळाल, तिथे फोन लावा. गावातल्या कुणाकडे ना कुणाकडे नंबर असतो. 'ये रे भेटायला, वर्गणी आम्ही बघतो' एवढं म्हणायला काही लागत नाही.

दुसरा, त्या वेळी कुणाला सांगता आलं नाही असं काही होतं का? कुणी बोललं तर मध्ये विनोद टाकायचा नाही. ऐकायचं. आपल्या मैत्रिणीच्या त्या मेसेजनंतर दोघांनी तिला वेगळा फोन केला. एकाने सांगितलं की त्यालाही त्याच थंडीत ताप होता. पंधरा वर्षांनी कळलं की शेजारच्या इमारतीत दुसरंही कुणीतरी जागं होतं.

तिसरा, आज तिथे कोण आहे? हा सगळ्यात महत्त्वाचा. यंदा दसऱ्यानंतर टोळ्या निघतील तेव्हा तुमच्या गावात हंगामी वसतिगृह सुरू झालंय का, हे शाळेत जाऊन विचारा. वेळेचा फार फरक पडतो. ट्रक निघायच्या आधी जेवण सुरू झालं तर पोर थांबतं, नाहीतर तेही ट्रकमध्ये बसतं आणि मग कागदावर कितीही चांगली योजना असली तरी उपयोग नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांच्याशी बोला. आजारी पडलेल्या लेकराने कुणाला सांगायचं, आईशी बोलायला फोन कधी मिळतो, मुलींच्या बाजूला बाई कर्मचारी आहे का, हे प्रश्न माजी विद्यार्थ्याइतके नेमके दुसरं कुणी विचारू शकत नाही. कारण उत्तर 'सगळं व्यवस्थित आहे' असं आलं तर ते खरं आहे की नाही हे आपल्याला ताट बघून कळतं. आणि एखादं लेकरू संकटात आहे असं दिसलं, कुठे बालविवाह ठरतोय असं कळलं, तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. फुकट लागतो.

बोर्डिंगने आपल्याला जागा दिली, ती कमी नव्हती. आपल्या आठवणींचा उपयोग त्या जागेवर आता झोपणाऱ्या लेकराला झाला, तर त्या नुसत्या ग्रुपवर फिरवण्यापेक्षा जास्त कामाच्या.

पुढच्या भागात साखरशाळांवर बोलू. कारखान्यावर शिकलेलं किंवा तिथे शिकवलेलं कुणी ऐकत असेल तर दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा. आवाजामागे ट्रॅक्टर वाजत असला तरी चालेल, तो आपल्या ओळखीचा आहे. भेटू मग. जेवून घ्या.